राजा आणि त्या दोघी

लेखाच्या पहिल्याच ओळीने लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘हे जनुक चालू करायला एकटा राजा पुरेसा आहे.’ वर नावं होती ती आधी सरांचं, मग सरांच्या दोन मित्रांची, आणि शेवटी, उपकार केल्यासारखं, तिचं.

लवंगी हे नाव तिला प्रयोगशाळेने दिलेलं. उंची जेमतेम, तिखटपणा भरपूर. चार वर्षं ती एकाच जनुकाच्या मागे होती. ते चालू झालं की पेशी हिरवी चमकावी, ही सोय तिनेच केलेली. जनुक चालू व्हायला त्याच्या उंबऱ्याशी प्रथिनं येऊन बसावी लागतात. पहिलं प्रथिन सरांना सापडलं, त्याचं नाव त्यांनी राजा ठेवलं. पुढची दोन लवंगीला सापडली. त्यांचं बारसं करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून तीच त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागली. त्वचेच्या पेशींत एकटा राजा सोडला, तर अंधार. राजाबरोबर थोरली सोडली, तरी अंधार. तिघं एकदम सोडली की अख्खी डिश हिरवीगार. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे जनुकांचं पुस्तक एकच असतं. त्यातलं कुठलं पान उघडायचं, ते तिथे कोणकोण जमलंय त्यावर ठरतं. म्हणून तर त्वचा त्वचाच राहते आणि यकृत यकृतच. इतकी साधी गोष्ट, पण सांगायची कुणाला?

मग सरांचा राजा एकटा कसा चमकला? लवंगीला ते पक्कं ठाऊक होतं, कारण चूक तिची होती, आणि त्यामुळे ती स्वतःवरही चिडलेली होती. दोन वर्षांपूर्वी त्वचेच्या पेशींना बुरशी लागली. सर घाईवर होते, म्हणून तिने यकृताच्या पेशी वापरल्या. त्या पेशींत थोरली आणि धाकटी मुळातच असतात. राजा तिथे आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला गेला! दुसऱ्याच दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने ते नोटबुकात लिहिलं आणि सरांना तोंडीही सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा.

नोटबुकांची तिथे एक रीत होती. दर शुक्रवारी सगळ्यांची नोटबुकं सरांपुढे जात आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही लागे. सहीशिवाय पान ग्राह्य धरलं जात नसे. सर फोनवर बोलता बोलता सह्या ठोकत. नजर खिडकीबाहेर, हात कागदावर.

लेख घेऊन ती सरांच्या खोलीत शिरली.

“सर, हे खोटं आहे.”

“खोटं नाही, सोपं आहे,” सर मान वर न करता म्हणाले. “तुझ्या त्या दोन मदतनीस कोण लक्षात ठेवणार? लोकांना एक नायक लागतो.”

“पेशींना नाही लागत.”

“किती चिडतेस ग! परवा आपलं काम तपासायला समिती येतेय. यकृताच्या पेशींच्या दोन डिश लाव, एक राजासकट, एक राजाशिवाय. आणि लेखाच्या संमतीवर सही करून टाक. तुझ्या नेमणुकीची मुदतवाढ माझ्याच टेबलावर पडली आहे, विसरू नकोस.”

ती बाहेर आली. अख्खी प्रयोगशाळाच एकखांबी तंबू; तिथे बिचारं जनुक कसं सुटणार? पण मूग गिळून गप्प बसायचं, आणि ते खोटं आपल्या नावानिशी जगभर जाऊ द्यायचं? तिने सही केली नाही. सांगितल्याप्रमाणे दोन डिश लावल्या. शेजारी त्वचेच्या पेशींच्या आणखी दोन लावल्या, एकीत नुसता राजा, दुसरीत तिघं. चारही झाकणांवर जाड पेनाने स्पष्ट लिहिलं. लपवाछपवी तिला करायचीच नव्हती.

समितीच्या अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. यकृताची चमकणारी डिश बघून त्यांनी मान डोलावली. सर फुलले. मग बाईंनी तिसरी डिश सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच सरकवली.

“ही तर काळीकुट्ट आहे. राजा आहे ना यात?”

“ते... ते जरा बाजूचं काम आहे,” सर म्हणाले.

बाईंनी चौथी पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि झाकण वाचलं. “तिघं लागतात. मग यकृताची का चमकली?”

“त्या पेशींत बाकीच्या दोघी आधीपासून आहेत,” लवंगी म्हणाली. “लेखातल्या प्रयोगात त्या पेशी मीच वापरल्या होत्या. चूक माझी.”

“ऐकलंत?” सर उसळले. “चूक हिची आणि मनस्ताप मला! मला हे कळवायला नको?”

लवंगी टेबलापाशी गेली. तिने नोटबुकातलं दोन वर्षांपूर्वीचं पान उघडून बाईंपुढे ठेवलं. ‘यकृताच्या पेशी वापरल्या गेल्या. यावरून राजा एकटा पुरतो असं म्हणता येणार नाही.’ खाली तिची सही, तिच्याखाली सरांची, तारखेसकट.

“ही सही तुमचीच ना?” बाईंनी विचारलं.

“मी... ते वाचलं नव्हतं,” सर म्हणाले.

मुदतवाढ गेली, हे लवंगीला त्याच क्षणी कळलं. लेखही गेला. राग मात्र तसूभर उतरला नव्हता. आजच्या पानावर तिने चारही डिशचे निकाल लिहिले, सही केली आणि नोटबुक सरांपुढे सरकवलं.

“सही करा, सर. वाचून करा.”

समिती उभीच होती. सर खाली मान घालून ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. मध्येच बोट थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, “यातली थोरली म्हणजे कोणती आणि धाकटी कोणती?”

“पान बासष्ट,” लवंगी म्हणाली. “त्याच्याखालीही तुमची सही आहे.”