सगळ्यात संथ सर्व्हो

काउंटरवरच्या ट्रकची पुढची चाकं थरथरत होती. ट्रक हातभर लांबीचा, शर्यतीचा. रिमोट क्रेनकाकांच्या हातात. दुकानवाल्या ताईने वायर हलवून पाहिली, मग बॅटरी बदलली. चाकं आपली तशीच.

"सर्व्हो खराब निघाला वाटतं," ती वैतागली. "कालच आलाय हो. एवढा फास्ट दुसरा नाही माझ्याकडे."

सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. रिमोटवरचं चाक जितकं फिरवाल, तितकीच ती ट्रकची चाकं वळवते.

काकांनी रिमोट अलगद खाली ठेवला. थरथर थांबली. ताईने ट्रककडे पाहिलं, मग काकांच्या उजव्या हाताकडे, आणि उगाचच ड्रॉवर उघडून त्यात स्क्रू शोधत बसली.

"सर्व्हो चांगला आहे गं," काका म्हणाले. "जरा जास्तच चांगला. मी न सांगितलेलंही ऐकतो."

एकतीस वर्षं ते बंदरात क्रेन चालवत होते. धुक्याच्या सकाळी वरच्या केबिनमधून खालचं काहीच दिसायचं नाही. जहाज, धक्का, माणसं सगळं पांढऱ्यात बुडालेलं आणि एक दोर तेवढा त्यात उतरत गेलेला. तरी मालाची पेटी टेकल्याचा आवाज झाला नाही की खालचे हमाल ओळखायचे, आज वर कोण बसलंय ते. निवृत्तीनंतर त्यांना या छोट्या ट्रकांचा नाद लागला. गेल्या वर्षी हात कापू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि तो वाढत जाणार हेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

"अहो, पुरे आता," घरी बायको म्हणाली. "बाकावर बसून बघा की शर्यत. बघायला काही हात लागत नाही."

जेवण झाल्यावर खुर्चीत काकांचा डोळा लागला. ते पुन्हा केबिनमध्ये होते. खाली धुकं, धुक्यात लोंबणारी पेटी, घड्याळाच्या लंबकासारखी झुलणारी. नवखी पोरं त्या झोक्याच्या मागे लागायची आणि झोका वाढवून ठेवायची. काकांनी दांडा वेळेच्या जरा आधीच सोडला. पेटी निवांत झुलत आली, जागेवर येऊन थांबली. खूप वेळ ते नुसते त्या पांढऱ्यात बसून राहिले.

"झोपेत काय बडबडत होतात?" बायकोने विचारलं.

"काय?"

"'थांब, येईल ती.' कोण हो ही?"

"पेटी," काका म्हणाले.

"या वयात पेटी म्हणे!" ती हसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला काका दारात हजर.

"ताई, सगळ्यात संथ सर्व्हो दे."

"संथ? तो शोभेच्या बोटीत बसवतात, काका. तुम्ही सांगाल आणि तो ऐकेपर्यंत वळण निघून जाईल."

"मी आधीच सांगेन."

तिने ड्रॉवरमधून तो सर्व्हो काढला. "आणि सेव्हर? निदान स्प्रिंग तरी घट्ट लावू?"

सर्व्हो सेव्हर ही सर्व्हो आणि चाकं यांच्यामधली स्प्रिंग. चाक दगडाला आपटलं की तो धक्का ती स्वतः खाते, सर्व्होचे दाते वाचवते.

"मऊ लाव."

"मऊ लावली तर वेगात चाकं पुरती वळणार नाहीत."

"मग वळणावर वेग कमी करू. घाई कोणाला आहे?"

ताईने सर्व्हो बसवला, स्प्रिंगचा नट दोन आटे सैल केला आणि काकांच्या हातात रिमोट दिला. हात कापत होता, कालच्याइतकाच. ट्रकची चाकं मात्र जवळजवळ स्थिर होती. काकांनी रिमोटवरचं चाक फिरवलं, तशी ती हळूच वळली, झोपेत कोणी कूस बदलावी तशी.

"अगं बाई!" ताई एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मैदानावर धुकं होतं. मचाणावर सहा जण रिमोट घेऊन उभे राहिले. काकांच्या शेजारी नेहमी जिंकणारा दाताचा डॉक्टर. वळण अजून लांब होतं आणि काकांनी रिमोट फिरवलासुद्धा.

"काका, लवकर होतंय!" डॉक्टर ओरडला.

ट्रक सरळच गेला, क्षणभर, आणि मग नेमक्या जागी वळू लागला. पुढचंही वळण तसंच. तिसऱ्या फेरीत चाक दगडावर आदळलं, स्प्रिंग दबली, सुटली, ट्रक पुढे निघाला. काकांना आता हात आठवत नव्हता. धुक्यात एक ओझं झुलत होतं आणि ते कुठे येऊन थांबेल हे त्यांना आधीच दिसत होतं.

शर्यत संपली. डॉक्टरच जिंकला.

"चौथे आलात," बाकावरून उठून आलेली बायको म्हणाली.

"हो."

"सहांत?"

"सहांत."

"बरं झालं. पहिले आला असतात तर घरात राहणं मुश्कील केलं असतंत." तिने त्यांच्या हातातला रिमोट घेतला आणि पदराने पुसला. हात याहून बिघडला की याहून संथ सर्व्हो बाजारात नाही, हे काकांना ठाऊक होतं. तिलाही असावं.

माणसं पांगली. ऊन आलं. मैदानाला पाणी मारणारा नळी ओढत कुंपणाशी येऊन उभा राहिला. वळणावरच्या ओलसर मातीत चाकांच्या खुणांचा नुसता गुंता झाला होता. सगळ्यांत बाहेरच्या बाजूने मात्र दोन रेघा गेल्या होत्या, शेजारी शेजारी, एका हाताने ओढल्यासारख्या, कुठेही न कापलेल्या.

"काका, मारू का पाणी? दुपारी दुसरी शर्यत आहे."

काकांनी त्या दोन रेघांकडे पाहिलं.

"मार," ते म्हणाले. "माती सुकायला लागलीय."

पाणी आलं. दोन्ही रेघा काठोकाठ भरल्या, उन्हात क्षणभर चमकल्या, आणि मग सगळी माती एकसारखी झाली.