कुलपाबाहेर राहिलेलं

फोल्डरमध्ये सेहेचाळीस फाइली होत्या. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखात्यातल्या प्रत्येक कामगाराची एक, नावाऐवजी बिल्ल्याचा नंबर. चाळीस फाइली अकराशे चोवीस बाइटच्या, पाच त्याहून थोड्या मोठ्या, आणि एक दोन हजार सातशे अठ्ठ्याऐंशीची.

"ही सगळ्यात जाड," सुरक्षा अधिकाऱ्याने पडद्यावर बोट टेकवलं. "त्या मोठ्या आवाजाच्या प्रेसवाल्याची, ज्याला सगळे तोफ म्हणतात."

कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने चष्मा वर सरकवला. "उघडली कशी तुम्ही?"

"उघडली कुठे? कुलूप पक्कं आहे तुमचं. मी फक्त मोठ्यापासून लहानापर्यंत यादी लावली. कानाची तपासणी वर्षातून एकदा, अकरा वर्षांत अकरा नोंदी. मग याच्याच एवढ्या कशा? ज्याचं बिघडतं त्यालाच तुम्ही परत परत बोलावता. काल त्याच्या पाठीमागे उभं राहून तीन हाका मारल्या. वळला नाही."

"मग?"

"मग काय? सोमवारपासून गोदामात. खोकी मोजेल."

सिस्टर उठून उभी राहिली. "प्रेसला आवाज अडवणारं आवरण बसवा म्हणून मी चार अर्ज दिले. ते वाचायला तुम्हाला वेळ नव्हता, आणि फाइलींची जाडी मोजायला होता?"

"सायरन ऐकू येत नाही त्याला. उद्या हात गेला तर?"

"सायरनबरोबर दिवा लागतो, तो दिसतो त्याला. हात जाऊ नये असं मलाही वाटतं, साहेब. पण हे तुम्ही माझ्याकडून चोरून घेतलंत."

"चोरून कसलं? समोरच तर होतं."

तो गेल्यावरही ती पडद्याकडे बघत राहिली. समोरच होतं, हे खरं होतं.

फाइली कंपनीच्या सामायिक डिस्कवर ठेवायच्या असा नियम होता. तिथे कुणीही डोकावू शकतं, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती स्वतःहून पायथन ही संगणकाची भाषा शिकली होती. त्यातल्या तयार कोडच्या एका लायब्ररीतली तीनच कामं तिला हवी होती: किल्ली बनवणं, मजकूर कुलूपबंद करणं, तो पुन्हा उघडणं. किल्ली चव्वेचाळीस अक्षरांची. ती पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह तिच्या एप्रनच्या खिशात. प्रत्येकाला खुर्चीत बसवताना ती सांगायची, "तुमच्या कानांचं तुम्हाला, मला आणि डॉक्टरांना. चौथ्याला नाही." त्या शब्दावर तोफ एकोणतीस वेळा आला होता.

प्रेसखात्यात सगळेच ओरडून बोलत, त्यामुळे तोफेचा आवाज तिथे खपून जायचा. गोदाम शांत होतं.

"अहो सिस्टर!" ती दारात दिसताच तो म्हणाला, आणि दोन मुलींनी दचकून मागे पाहिलं. "कुलूप लावलं होतं ना हो?"

ती त्याच्या समोर, ओठ दिसतील अशी उभी राहिली. "लावलं होतं, दादा. आत काय आहे ते झाकलं. केवढं आहे ते झाकायचं राहिलं. चूक माझी."

"म्हणजे पाकीट बंद, पण फुगलेलं."

"तसंच."

"बावीस वर्षं प्रेस चालवली. आता खोकी मोजतोय, तीसुद्धा पोरी पुन्हा मोजतात." मग तो हसला. "माझं सोडा. बाकीचे आता यायचे नाहीत तुमच्याकडे."

मंगळवारी चौघांची वेळ होती. एकही आला नाही. ती स्वतः खात्यात गेली तर एक प्रेसवाला तोंडावर म्हणाला, "माझे कान ठणठणीत आहेत, सिस्टर. तुमच्या खुर्चीतून उठलेला माणूस गोदामात सापडतो म्हणे."

दोन वर्षांपूर्वी याच माणसाच्या डाव्या कानात तिला पहिली घट सापडली होती. आता ती वाढली की थांबली, हे त्याच्या न येण्याने कुणालाच कळणार नव्हतं.

रविवारी सकाळीच ती घरी संगणक उघडून बसली. नवऱ्याने चहा आणून ठेवला. "काय चाललंय?"

"फाइलींत रिकाम्या जागा भरतेय. सगळ्या सारख्या दिसायला हव्यात."

"घरातले डबे भर म्हटलं की कंबर दुखते. आणि तिथे हवा भरायला जातेस!"

"डबे तुम्ही भरा. हात आहेत ना तुम्हाला?"

त्याने मुकाट्याने डबे भरले.

कुलूप लावण्याआधी प्रत्येक मजकूर चार हजार शहाण्णव बाइट होईपर्यंत रिकाम्या जागांनी वाढवायचा, उघडताना त्या काढून टाकायच्या. कुलूप लागलं की आकार आणखी वाढायचा, पण सगळ्यांचा सारखाच. आधी तिने खोट्या नोंदींवर करून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की तारीखही चुगली करते: ज्याची फाइल काल बदलली, तो काल येऊन गेला. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्याच फाइली एकदम उघडून पुन्हा बंद करायच्या, असं तिने ठरवलं. डिस्कवरच्या जुन्या प्रती पुसायच्या. खोट्या नोंदी पाच वेळा बंद करून उघडल्या, पाचही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. सोमवारी संध्याकाळी तिने हेच खऱ्या फाइलींवर चालवलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, प्रेस थांबल्यावर, ती खात्याच्या मधोमध उभी राहिली. अशी ती कधी बोलली नव्हती.

"तोफदादांचं जे झालं, ते माझ्या चुकीने झालं. कुलूप कुणी फोडलं नाही, मीच फट ठेवली होती. ती बुजवलीय. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. खोलीत या आणि फाइलींचे आकार स्वतः मोजा."

कुणीतरी डब्याचं झाकण लावलं.

अडीच वाजता तिच्या दारात तोफ आला. कानाला पेन्सिल, हातात गोदामाचा तक्ता. "मोजायचं म्हणालात म्हणे. मला आता तेच काम आहे."

तो पडद्यासमोर बसला आणि वरपासून एकेक आकडा वाचत, तक्त्याच्या पाठीवर रेघ ओढत खाली आला. वाचताना त्याचा आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत जात होता. सेहेचाळिसावी रेघ ओढेपर्यंत दाराबाहेर तिघे उभे होते. ठणठणीत कानांचा प्रेसवाला त्यांत होता.

"सारख्या आहेत रे!" तोफ त्यांना म्हणाला. मग तपासणीच्या काचखोलीत जाऊन खुर्चीत बसला. "घ्या. माझी तारीख उलटून गेलीय."

"दादा, तुम्ही आता प्रेसवर नाही. नियमाने तुम्हाला गरज नाही."

"कान माझेच आहेत ना अजून?"

तिने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि बटण हातात दिलं. दार लावलं. बाहेरच्या तिघांची कुजबुज थांबली. तो डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसला होता. तिने आवाज पाच-पाचने वाढवत नेला.

उजवा कान, चार हजार हर्ट्झ: सत्तर डेसिबल. मागच्या वेळी पासष्ट.

नोंद तिसावी. बंद केल्यावर फाइलीचा आकार: पाच हजार पाचशे साठ बाइट, बाकी पंचेचाळीस फाइलींएवढाच.