खांबामागचे भोवरे

युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती. आमच्या प्रयोगशाळेत आकडेमोडीची यंत्रं हाताने फिरवायची होती आणि ती फिरवणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि फुसाए-सान.

सामुद्रधुनीतला प्रवाह मोजण्यासाठी भर पाण्यात एक पोलादी खांब उभा राहायचा होता. त्यावर माचा, आणि माच्यावर मोजणी करायला माझा नवरा मासुओ. आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते. खांब पाण्याचा जोर सोसेल का, हे आधी कागदावर पाहायचं काम आमच्याकडेच आलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

टेबलाएवढ्या कागदावर चौकटी आखलेल्या. मधलं वर्तुळ म्हणजे खांब. प्रत्येक चौकटीतल्या पाण्याचा वेग शेजारच्या चार चौकटींवरून काढायचा. असा सगळा कागद एकदा भरला, की पाणी जेमतेम एक क्षण पुढे सरकायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. वरची बाजू माझी, खालची फुसाए-सानची. दोन्हीकडे आरशातल्यासारखे सारखेच आकडे यायला हवेत, असं आमचे प्रमुख हिकिता-सेन्सेई सांगत. "पाण्याला डावं-उजवं कळत नाही." म्हणून रोज चार वाजता आम्ही समोरासमोर बसून आकडे मोठ्याने वाचायचो. जुळले की बरोबर.

खांबापुढचे जुळत. मागचे शेवटच्या अंकात हटकून चुकत.

"शून्य तीन सात," फुसाए-सान वाचत.

"माझ्याकडे आठ आलंय. माफ करा, माझंच चुकलं."

"छे, माझंच. सर्दीनं डोकं जड झालंय."

"तुमची सर्दी रोज एकाच चौकटीत बरी शिंकते!"

दोघी हसायचो. मग मी खोडरबर उचलून माझा आकडा खोडायची आणि त्यांचा लिहायची. वयाने मोठ्या बाईला चुकीचं कसं ठरवायचं? पुढच्या फेरीत तोच फरक थोडा वाढून येई. मी पुन्हा खोडायची.

सात महिन्यांनी उत्तर आलं. बाजूने लागणारा जोर शून्य. सेन्सेईंनी त्यावर शिक्का उमटवला आणि खांब उभा राहिला.

पहिल्या उधाणाच्या दिवशी मासुओ घरी आले. जेवताना म्हणाले, "तोमिए, तुझा खांब थरथरतो."

"प्रवाह आहे म्हटल्यावर थोडा हलणारच की."

"प्रवाहाच्या दिशेनं नाही गं, आडवा. डावीकडे, उजवीकडे. आज कपातला चहा उडून मांडीवर आला."

"आडवा जोर शून्य आहे. सात महिने मोजलंय मी."

"मग ते कुणीतरी पाण्याला कळवा."

मला राग आला. "अहो, भीती वाटत असेल तर तसं सरळ सांगा. बदली मागून घ्या."

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. सात पिढ्या होड्या वल्हवणाऱ्यांच्या घरातला माणूस तो. मग हसले आणि म्हणाले, "उद्या मागणारच होतो. पण बायकोचे आकडे खोटे म्हणून कुठल्या तोंडानं मागू? राहू दे. भात वाढ."

मी भात वाढला.

पुढच्या उधाणाला, सकाळी दहाच्या सुमारास, खांब बुडापासून मोडला. गावातल्या सगळ्या होड्या तीन दिवस शोधत होत्या. मासुओ सापडले नाहीत.

मृत्यूनंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि मी प्रयोगशाळेत गेले. नवा कागद आखला. "फुसाए-सान, या खेपेला कुणी कुणाची माफी मागायची नाही. आलं ते तसंच लिहायचं."

त्यांनी मान हलवली.

सात तिकडे सातच राहिला, आठ इकडे आठच. फरक वाढत गेला. चौथ्या महिन्यात खांबामागे वर एक भोवरा वळला आणि सुटून वाहत गेला. मग खाली एक. मग पुन्हा वर. प्रत्येक भोवरा सुटताना खांबाला आडवा हिसका देत होता. कधी या बाजूला, कधी त्या.

फुसाए-सान वाचता वाचता थांबल्या. "तोमिए-सान... हे आपल्याकडे कधीपासून होतं?"

"पहिल्याच आठवड्यापासून."

त्यांनी शिसपेन्सिलीने काळवंडलेल्या तळहातानेच डोळे पुसले. गालभर काळं झालं. सेन्सेईंनी कागद पाहिला आणि टेबलाला कपाळ टेकेपर्यंत वाकून मला नमस्कार केला. त्या नमस्काराचं मी काय करणार होते?

आता मी नव्वदी ओलांडली आहे. हेच भोवरे आता यंत्र पापणी लवायच्या आत रंगीत काढून दाखवतं. सुंदर दिसतात. तेव्हा शिसपेन्सिलीतही सुंदरच होते.

सासूबाई पुढे एकोणीस वर्षं माझ्यापाशी होत्या. खांब कसा मोडला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मासुओंच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना फक्त एकच विचारायच्या, "तिथं माच्यावर त्याला भीती वाटली असेल का गं?"

"नाही, आई," मी म्हणायची. "त्यांना कधीच भीती वाटली नाही."