दोन पातेल्यांतलं जुनेर

अकरा वर्षांनी घरी येणाऱ्या माझ्या मुलाने टांपाहून फोनवर एकच मागणं केलं. "आई, मला बाकी काही नको. तुझ्या हातचं जुनेर कर."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

जुनेर म्हणजे आमची रोपा व्हिएहा, शब्दशः जुने कपडे. गोमांस उकडून त्याचे धागे धागे सोडवायचे आणि कांदा, ढब्बू मिरची, टोमॅटो घालून शिजवायचे. ताटात वाढलं की कुणीतरी जुनेर फाडून ठेवल्यासारखं दिसतं. आमच्या कामाग्वे गावात हे न येणारी बाई सापडायची नाही. मलाही येतं. पण तीस वर्षं मी ते केलं नव्हतं. मांस मिळत नाही, हे कारण आमच्या देशात कधी शिळं होत नाही, त्यामुळे मला कुणी विचारलंही नाही. खरं कारण वेगळं होतं. मला माझ्या मुलीची भीती वाटत होती.

ती गोष्ट त्र्याण्णव सालची. तेव्हा दुकानं रिकामी होती, आणि माणसं सायकली दामटून अशी वाळली होती की नवऱ्याची विजार बायकोला बसावी. ओस्मानी सहा वर्षांचा, नुकताच काविळीतून उठलेला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून रडायचा, पाय उचलत नाहीत म्हणून. डॉक्टर म्हणाले, "याला मांस द्या," आणि स्वतःच ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागले.

आमचा प्रांत गुरांचा. पण गाय कापली तर माणूस तुरुंगात जातो. गाय आपणहून रुळावर जाऊन मेली, तर मात्र कोणाचाच इलाज नाही. त्या वर्षी आमच्याकडच्या गायींना आगगाडीचं फार वेड लागलं होतं. माझ्या नवऱ्याचा, हेरिबेर्तोचा, चुलतभाऊ गुमेर्सिंदो दर दुसऱ्या रविवारी यायचा आणि सदऱ्याच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुठीएवढा तुकडा काढून ठेवायचा. एका पोराला पुरेल एवढा. घरात पोरं दोन होती.

मी दोन पातेली चढवायचे. लहान पातेल्यात मांस. मोठ्या पातेल्यात हिरव्या केळ्यांची सालं. मिठाच्या पाण्यात आंबट संत्रं पिळून सालं उकडायची, आतला पांढरा गर खरवडायचा आणि काट्याने ओढून त्यांचेही धागे काढायचे. पुढे लसूण, जिरं, तमालपत्र, टोमॅटो, सगळं दोन्हीकडे सारखं. रंग असा हुबेहूब यायचा की माझीच मला भीती वाटायची. लहान पातेल्यातलं ओस्मानीला, मोठ्यातलं मला, हेरिबेर्तोला आणि इदाल्मिसला. हेरिबेर्तोला ठाऊक होतं. तो मान वर न करता जेवायचा आणि उठायचा.

इदाल्मिस, आमची इदा, दहा वर्षांची होती. तीही काही गुटगुटीत नव्हती, खांद्याची हाडं फ्रॉकमधून मोजता यायची. पण ती चालत होती आणि हा चालत नव्हता. मी आई होते, तराजू माझ्या हातात होता, आणि मी तो एका बाजूला झुकवला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा.

एका रविवारी ती दोन घास खाऊन थांबली. म्हणाली, "आई, आजी करायची तसं हे का लागत नाही? माझं दाताला चिकटतंय. ओस्मानीचं बघू?" आणि तिने त्याच्या ताटाकडे हात नेला. आजी म्हणजे माझी सासू. ती होती तोवर तिने मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही, आणि तिच्या हातची चव पोरीच्या जिभेवर राहिली होती. मी इदाच्या तोंडात मारली. "हावरट कुठली! खोटारडी! सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढलंय!"

तिने हात मागे घेतला. ताट साफ केलं. जेवण झाल्यावर खरकट्याची बादली उचलून शेजारी एव्हेलिओकडे गेली, कारण ते तिचंच काम होतं. एव्हेलिओने न्हाणीघरात डुक्कर पाळलं होतं. अख्खी गल्ली त्याला खरकटं द्यायची आणि नाताळात वाडगाभर चरबी परत मिळायची. इदा परत आली, हात धुतले, निजली. पुन्हा कधी तिने तो प्रश्न विचारला नाही.

आईचा हात पोरांवर उठतोच, त्याचं एवढं काही नाही. पण खरं बोलणाऱ्या मुलीला मी खोटारडी म्हटलं. ते माझ्या घशात काट्यासारखं राहिलं. सांगेन, सांगेन म्हणता हेरिबेर्तो गेला, ओस्मानी परदेशी गेला, इदाचं लग्न झालं, मोडलं, ती माझ्याकडे परत आली. आता ती दवाखान्यात नर्स आहे. पावाच्या रांगेत ती उभी राहते, माझ्या साखरेची सुई ती टोचते, माझ्या पायांची नखंदेखील तीच कापते. अशा मुलीपुढे काय तोंड उघडणार? ओस्मानीवरही माझा जीव आहे. पण तो डबे पाठवतो, आणि ते उघडून मला भरवते ती.

म्हणून भीती. माझ्या हातचं खरं जुनेर तिच्या तोंडात गेलं, की पहिल्याच घासाला तिला कळणार, लहानपणी आपल्याला काय खायला घातलं. आणि गालावर बसलेली ती चापट कशाची होती, तेही.

मांस ओस्मानीनेच तिकडून इंटरनेटवर मागवलं होतं. ते तो येण्याआधी दोन दिवस दारात आलं, बर्फात गोठलेलं, पोटाकडच्या भागाचं, चांगलं दोन किलो. गाय आमच्या गावची, आणि तिला आमच्या दारात यायला टांपाहून हुकूम लागला. शनिवारी ओस्मानी आला. तीन बॅगा, पोट सुटलेलं, डोक्यावरचे केस विरळ. मला मिठी मारून मोठ्याने रडला आणि लगेच शेजाऱ्यांना साबण वाटायला निघून गेला. रविवारी संध्याकाळी जेवण ठरलं.

रविवारी दुपारी इदा कामावर होती. वीज असेपर्यंत मी कुकरमध्ये मांस शिजवून घेतलं आणि त्याच्याच पाण्यात निवायला ठेवलं. मग तळायला म्हणून सहा हिरवी केळी सोलली. आणि देवाशपथ सांगते, डोक्याने काही ठरवायच्या आत हातांनीच सालं परातीत मिठाच्या पाण्यात टाकली आणि वरून आंबट संत्रं पिळलं.

पाण्यातल्या सालांकडे बघत उभी राहिले. मनात आलं, एक लहान पातेलं. फक्त इदापुरतं. ताटं मीच वाढणार आहे. तिला तिची जुनी चव मिळेल, त्याला त्याची, आणि मी सुटेन.

तेवढ्यात दार वाजलं. इदा लवकर आली होती. गणवेशाची बटणं सोडत ती स्वयंपाकघरात आली आणि परातीत डोकावली.

"हे काय, सालं कशाला भिजत घातलीस?"

"काळी पडू नयेत म्हणून," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"डुकराला काळी चालतात, आई."

ती कपडे बदलायला आत गेली. माझे कान तापले. तेव्हा निदान पोराचे पाय लटपटत होते. आता काय होतं? आता फक्त माझी लाज होती, आणि ती झाकायला मी माझ्या चाळीस वर्षांच्या मुलीला पुन्हा सालं खायला घालणार होते. मी परात उचलली आणि सगळी सालं बादलीत ओतली. जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

ती बाहेर आली, बादलीकडे एकदा बघितलं आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही दोघींनी मांसाचे धागे सोडवले. तिची बोटं फार सफाईने चालतात. पण मांस सोडवताना बाई दोन-चार धागे तोंडात टाकतेच, तिने एकही टाकला नाही. मीच म्हटलं, "मीठ बघ जरा." म्हणाली, "ताटातच बघेन."

कढईत लसूण पडला, मग कांदा, ढब्बू, जिरं. वास रस्त्यावर गेला तशी एव्हेलिओची म्हातारी बायको खिडकीतून माझं नाव घेऊन ओरडली, "नेरेइदा, कोणाची गाय गं?" मी ओरडले, "आगगाडीला विचार!"

सहा वाजता बसलो. भात, काळा घेवडा, तळलेली केळी आणि मधोमध एकच पातेलं. मी ते मुद्दाम मेजावरच ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. ओस्मानीने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

"हीच! अगदी हीच! तिकडे सगळी हॉटेलं पालथी घातली, पण ही चव नाही. आई, तुला खोटं वाटेल, तिथल्या लोकांना मी सांगतो की त्या उपासमारीच्या दिवसांतसुद्धा आमच्या घरी मांस शिजायचं. कोणी विश्वास ठेवत नाही. माझी आई जादूगार होती म्हणतो मी."

"होतीच," इदा म्हणाली.

"इदा, तुला आठवतं? तू ताट पार चाटून ठेवायचीस. धुवायचीही गरज नसायची!"

"तू खा. पोट बघ जरा, सातवा महिना लागलाय जणू."

तो हसला. मी हसले नाही. तिचा काटा ताटात फिरत होता. तिने घास उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. मी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडली आहेत. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे मला आवाजावरून कळतं. तिने घास गिळला, पाणी प्याली आणि माझ्याकडे बघितलं.

"तीच चव आहे, आई. अगदी तीच."

माझा हात भाताच्या पळीवरच राहिला. तीच चव असणं शक्य नव्हतं. जिने सालं खाल्ली होती तिने "हे वेगळं लागतंय" असंच म्हणायला हवं होतं. आयुष्यात माझ्याशी कधी खोटं न बोललेली मुलगी भावासमोर माझी लाज राखायला खोटं बोलत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. आज कळलेलं नव्हतं, फार आधीपासून ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर ओस्मानीला मित्रांनी अंगणात ओढून नेलं. मी भांडी घेऊन आत आले. इदा खरकटं बादलीत लोटत होती. मी दार ओढून घेतलं.

"इदा, त्या रविवारी मी तुला मारलं होतं."

"हं."

"तू खोटं बोलत नव्हतीस."

"माहीत आहे मला." ती ताट निपटत राहिली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. बादली कोण न्यायचं, आई? एरवी केळी सोलली की सालं बादलीत असायची. जुनेर केलंस की केळी तळलेली असायची, पण सालांचा पत्ता नसायचा. एव्हेलिओकाका विचारायचे, आज सालं कुठायत? मी दहा वर्षांची होते, आंधळी नव्हते."

मी स्टुलावर बसले. "मग बोलली का नाहीस गं? माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

तिने ताट ठेवलं. "बोलले असते तर त्याला कळलं असतं. आणि त्याने अर्धं माझ्या ताटात टाकलं असतं. तो तसाच आहे, बावळट. मग त्याचे पाय कसे सुधारले असते?"

तीस वर्षं मला वाटत होतं की त्या घरात तराजू मी एकटीने धरला होता. दुसरी बाजू एका दहा वर्षांच्या पोरीने उचलून धरली होती, गाल लाल असताना. मी रडले. मोठ्याने नाही, अंगणात तो होता. "मला माफ कर," म्हणाले. हे तीन शब्द म्हणायला मला एवढी वर्षं लागली, आणि म्हणायला दोन क्षणही लागले नाहीत.

तिने माझा चेहरा आपल्या ओल्या हातांनी पुसला, त्यामुळे तो आणखीच भिजला. "पुरे. साखर चढेल तुझी." मग बादलीच्या कडीला तिने हात घातला. मी तो धरला.

"ठेव. आज मी नेते."

"तुझ्या गुडघ्यांना झेपणार आहे का?"

"नाही झेपलं तर बसेन रस्त्यात. पण आज ती माझी आहे."

तिने कडी सोडली. मी दारापर्यंत गेले, हळूहळू, सालांनी भरलेली ती बादली मांडीवर आपटत. तिथून वळून बघितलं. इदा पातेल्यापाशी स्टूल ओढून बसली होती. तळाशी राहिलेलं तिने सगळं आपल्या ताटात काढून घेतलं होतं आणि ती हाताने खात होती, भराभरा, भूक लागलेल्या पोरीसारखी.

"अगं, गरम तरी करून घे," मी म्हटलं.

"असू दे," ती तोंडात घास असतानाच म्हणाली. "तुझ्या हातचं पहिल्यांदा खातेय."