खिडकीएवढा फोटो

बुधाजी भिवपुरीच्या पॉवर हाउसात वायरमन होता आणि कमालीचा हट्टी होता. बायको येसू वारली त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेला सगळे जमतील तेव्हा, तिचा फोटो खिडकीएवढा मोठा असलाच पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं. त्याने ठरवलं की कुणाचं काही चालत नसे.

अडचण एवढीच, की येसूचा एकटीचा फोटो नव्हताच. गावात बुद्धविहार बांधला तेव्हा सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला होता, त्यात ती मागच्या रांगेत उभी होती. चेहरा मुगाच्या दाण्याएवढा.

हट्टामागचं खरं कारण मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. येसूचा चेहरा त्याला हल्ली नीट आठवेनासा झाला होता. आवाज आठवे, चाल आठवे, चेहरा पुसट होत चालला होता, आणि त्याची त्याला फार भीती वाटे. फोटो मोठा केला की सगळं स्वच्छ दिसेल, असं बिचाऱ्याला वाटत होतं.

तो विहाराचा फोटो कर्जतच्या स्टुडिओवाल्या आबाजीने काढला होता. बुधाजी त्याच्याकडे गेला. आबाजीने निगेटिव्ह उजेडासमोर धरली.

"बुधाजी, फिल्मवर जेवढं आलंय तेवढंच मोठं होतं. नवं काय त्यात येत नाय. पोस्टकार्डाएवढा घे, बरा येईल."

"मी मोठा सांगितलाय. मोठाच करा."

केला मोठा. येसूच्या जागी नुसते रव्यासारखे करडे ठिपके उमटले, डोळ्यांच्या जागी दोन डाग. बुधाजीचं तोंड एवढंसं झालं. आबाजी मनाचा मऊ. "थांब, ब्रश मारतो," म्हणाला. तेव्हा सगळेच स्टुडिओवाले तसं करत. त्याने भुवया कोरल्या, डोळे टपोरे केले, ओठांवर हलकं हसू ठेवलं.

फोटो घरी लागला. शेजारीपाजारी वाखाणून गेले. येसूची आई ठकूबाई लोधिवलीहून आली, तीही बराच वेळ बघत राहिली.

"बाई देखणी हाय," एवढंच म्हणून ती पाणी प्यायला आत गेली.

म्हातारीची नजर गेली, असं बुधाजी रागाने पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी कामावर त्याने नेहमीसारखी येसू आठवून पाहिली, तर टपोऱ्या डोळ्यांची ती बाई समोर आली. पुन्हा आठवलं, पुन्हा तीच. उरलीसुरली येसूही ही बाई घेऊन चालली होती. काम सुटताच त्याने फोटो भिंतीवरून उतरवला आणि थेट कर्जत गाठलं.

"ही नको," तो आबाजीला म्हणाला. "तुमी म्हणला होता तो बारका द्या."

पुण्यानुमोदनाला तो बारका फोटो फुलांमध्ये धड दिसेचना. भावकीतल्या एकाने नाक मुरडलं. ठकूबाई मात्र उठली, फोटोजवळ गेली आणि काचेला नाक लागेल इतकी वाकली.

"हां. हनवटी बघा कशी वर हाय," ती म्हणाली. "कुणी बघाय लागलं की अशीच वर करायची. ल्हानपणापासनं."

बुधाजीला हे आठवत नव्हतं. तो तिच्याजवळ जाऊन बसला. एवढ्या माणसांत त्याला रडू आवरेना.

"मामी, माझ्या ध्यानातनं चाललीय ती," तो म्हणाला. "आजून सांगा. कशी होती?"