पहिलं नको

वेटरने टोपलीतली गरम रोटी चिमट्यात धरून विचारलं, "रोटी, सर?" आणि दिगंबररावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नको."

वेटर पुढच्या टेबलाकडे वळला. त्याची काही चूक नव्हती. रविवारची दुपार, लोणावळ्यातलं चालतं हॉटेल, दाराबाहेर नंबर लावून उभी राहिलेली माणसं. एका म्हाताऱ्याच्या 'नको'चा अर्थ लावत बसायला त्याला सवड कुठून असणार? दिगंबरराव मात्र त्या टोपलीकडे बघत राहिले. टोपली शेजारी गेली, तिथून खिडकीपाशी गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात दिसेनाशी झाली. त्यांच्या वाटीत अर्धी भाजी तशीच होती आणि पोटात चांगलीच भूक होती.

समोर बसलेला त्यांचा मुलगा श्रीयश बायकोला हळूच म्हणाला की बघ, आजही एकच रोटी. ऋचाने नुसती मान हलवली. आपण बोललेलं बाबांना ऐकू येत नाही अशी त्या दोघांची समजूत होती. दिगंबररावांचं पोट रिकामं होतं, पण कान शाबूत होते.

हे असं वर्षभर चाललं होतं, त्यांची बायको रजनीताई गेल्यापासून. दिगंबरराव वाळत चालले होते. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. तळेगावात जो भेटे तो आधी तब्येतीचं विचारी आणि मग श्रीयशकडे असं बघे की जणू याच्या घरात बापाला जेवायला घालत नाहीत. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, कशात काही सापडलं नाही. श्रीयशने मोबाइलवर नको ते सगळं वाचून ठेवलं होतं आणि त्याचीच झोप उडाली होती. आता गुरुवारी पुण्याला नेऊन घशातून दुर्बीण घालायचं ठरलं होतं. त्यातही काही निघालं नाही तर मनाच्या डॉक्टरांकडे जा, असं सांगितलं होतं. हा रविवारही त्यासाठीच होता, बाबांना जरा बाहेर काढू, हवापालट होईल, चार घास जास्त जातील म्हणून.

खरी गोष्ट इतकी साधी होती की ती सांगायची दिगंबररावांना लाज वाटे. ते उपाशी होते. उपाशी होते, कारण त्यांना दुसऱ्यांदा कोणी विचारत नव्हतं.

त्यांच्या आईने त्यांना पहिल्यांदा पंगतीत बसवलं तेव्हाच कानात सांगून ठेवलं होतं, की वाढायला आलं की आधी नको म्हणायचं. पहिल्या हाकेला ताट पुढे करतो तो अधाशी, आणि पहिल्या नकोला मागे फिरतो तो वाढपी नव्हे. म्हणजे वाढणाऱ्याने 'घ्या' म्हणायचं, आपण 'नको' म्हणायचं, त्याने 'घ्या हो' म्हणायचं, आपण 'बरं, अर्धी' म्हणायचं, आणि अर्धीच्या नावाखाली अख्खी ताटात पडायची. हा सगळा खेळ दोघांनाही ठाऊक असतो, असं ते धरून चालले होते. पुढे नोकरी लागली तीही वडगावला, मोजणी खात्यात. गावोगाव बांध मोजत फिरायचं, आणि ज्याचा बांध मोजायचा त्याच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचं. एकाकडे जेवलं की दुसरा म्हणणार, साहेबांनी दगड त्याच्या बाजूने सरकवला. त्या नोकरीने त्यांचं 'नको' आणखी घट्ट करून ठेवलं.

कुठलं नको खरं आणि कुठलं रीतीचं, हे जगात एकट्या रजनीताईंना कळत असे. त्या विचारतच नसत. पोळी घेऊन यायच्या आणि सरळ ताटात टाकायच्या. "नको म्हणालो ना," असं हे म्हणाले, तर म्हणायच्या, "तुम्ही म्हणालात, ताट कुठं म्हणालं?" श्रीयश कॉलेजात होता तेव्हा वडिलांची बाजू घेऊन आईशी भांडायचा. त्यांना नको आहे तर कशाला जबरदस्ती करतेस, म्हणायचा. रजनीताई हसून आणखी एक वाढायच्या, आणि दिगंबरराव कपाळाला आठ्या घालून ती संपवायचे.

ऋचा तशी नव्हती. ती गुणाची मुलगी होती. बँकेतून दमून येऊन स्वयंपाक करायची, सासऱ्यांना गरम वाढायची. पण नको म्हणजे नको, समोरच्याच्या शब्दाचा मान ठेवावा, असं तिला शिकवलेलं होतं. "बाबा, पोळी?" "नको." "बरं." एवढ्यात विषय संपायचा. तिच्या आईने तिला चांगलं शिकवलं होतं आणि यांच्या आईने यांना, आणि दोन चांगल्या आयांच्या मधे सापडून दिगंबरराव रोज अर्धपोटी उठत होते.

जेवणानंतर श्रीयशने त्यांना वलवणच्या धरणाकडे नेलं. तिथे थोडं चालणं झालं, फोटो झाले. परतताना रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागली, आणि कुसगावजवळ आल्यावर चाक पंक्चर झालं. डिकीतलं जादा चाक काढलं तर तेही बसलेलं. पंक्चरवाला थोडा पुढे होता. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती, चार टेबलं, आणि बाहेर पाटी, 'घरगुती जेवण मिळेल'. तुम्ही इथे बसून चहा घ्या, आम्ही चाक करून आणतो, असं सांगून दोघं गेले.

दिवेलागण झाली होती. आत चुलीपाशी मालकिणीची सून तांदळाच्या भाकरी थापत होती. मालकीण नंदाबाई पदर खोचून टेबलापाशी आल्या. दिगंबररावांनी चहा मागितला.

"चा कसला मागताय, भाऊ, जेवायच्या टायमाला? बसा," म्हणून त्या आत गेल्या आणि ताटच घेऊन आल्या. वांग्याची भाजी, आमटी, कांदा, वर वाफाळती भाकरी. दिगंबरराव काही बोलायच्या आत ताट टेबलावर होतं. परत पाठवणं बरं दिसणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि पहिली भाकरी कधी संपली ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

नंदाबाई दुसरी घेऊन आल्या. "वाढू?"

"नको."

भाकरी ताटात पडली होती. विचारणं आणि टाकणं एकदमच झालं होतं.

"नको म्हणालो मी."

"ऐकलं की. खावा."

दिगंबररावांनी मान खाली घातली आणि खाल्ली. आमटी पुन्हा आली, तीही नको म्हणता म्हणता वाटीत ओतली गेली. तिसरी भाकरी घेऊन बाई येताना दिसल्या तसे ते घाईघाईने म्हणाले, "आता खरंच नको."

"आता खरंच?" नंदाबाई थांबल्या. "म्हंजी मगाचं खोटं व्हतं व्हय?"

दिगंबररावांना हसू फुटलं. खूप दिवसांत ते असे हसले नव्हते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आमटीच्या तिखटावर ढकलायचीही त्यांना इच्छा झाली नाही. तिसरी भाकरी ताटात पडली.

मग त्यांनी सांगितलं. जे डॉक्टरांना सांगितलं नाही, पोटच्या मुलाला सांगितलं नाही, ते त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. बायको कशी वाढायची, सून कशी एकदाच विचारते, गुरुवारी दुर्बीण कशी घालणार आहेत, सगळं. नंदाबाई तांब्या हातात घेऊन ऐकत उभ्या राहिल्या. आपली बाजू त्यांना पटेल, आजकालच्या मुलींना वाढायची रीत राहिली नाही असं काहीतरी त्या म्हणतील, अशी दिगंबररावांची अपेक्षा होती.

"तुमची सून शानी हाय," नंदाबाई म्हणाल्या. "मानसाचं बोलनं ऐकती. माजी कुटं ऐकती?" आतून सुनेचं हसणं ऐकू आलं. "राग नका धरू भाऊ, पर चुकतंय तुमचं. नको म्हनायचं ते पावन्यानं. घरच्या मानसानं मागून खायाचं. तुमी तुमच्याच घरात पावन्यावानी बसताय, मग ती पोर तरी काय करनार?"

दिगंबररावांना राग आलाच. उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता त्यांनी. "मला मागता येत नाही," ते जरा कडकपणे म्हणाले. "बायकोकडे कधी मागावं लागलं नाही."

नंदाबाई ग्लासात पाणी ओतत म्हणाल्या, "नशीबवान व्हता. पर दोन बायका एकसारक्या वाढत न्हाईत. एकीनं न सांगता वळखलं. दुसरीला सांगाय लागंल."

दिगंबरराव हात धुऊन आले. पैसे दिले. पैसे देऊनही काहीतरी द्यायचं राहिलंय असं त्यांना वाटत होतं. कितीतरी वर्षांत न उच्चारलेले शब्द त्यांना आठवले, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये हात जोडून ते म्हणाले, "अन्नदाता सुखी भव." नंदाबाईंनी घाईने पदर सारखा केला आणि त्याही हात जोडून उभ्या राहिल्या.

गाडीत श्रीयशने विचारलं, चहा बरा होता का? दिगंबरराव म्हणाले की जेवलो, तीन भाकरी. श्रीयशने आरशातून वडिलांकडे बघितलं. मग त्याला इतका आनंद झाला की कुसगावचा डबा तळेगावला रोज कसा पोचवता येईल, कंपनीतलं कोण या रस्त्याने येतं, याचे बेत तो वडगाव येईपर्यंत करत होता. ऋचा मात्र खिडकीबाहेर बघत होती. दिगंबररावांना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती का बोलत नाही हे त्यांना कळलं, आणि पोटातल्या तीन भाकरी त्यांना जड झाल्या.

सोमवारी संध्याकाळी ते जेवायला बसले तर ताटात तांदळाची भाकरी होती. ऋचा बँकेतून लवकर आली होती. भाकरीला कडेने चिरा गेल्या होत्या, एक बाजू करपली होती, आणि ऋचाच्या मनगटावर वाफेचा लाल डाग होता. मोबाइलवर बघून केली, आईंसारखी नाही जमली, असं ती म्हणाली. दिगंबररावांनी भाकरी खाल्ली. चांगली झाली होती. खरोखर चांगली झाली होती, आणि त्यांना आणखी एक हवी होती.

"अजून एक देऊ, बाबा?"

"नको," दिगंबरराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी वर बघितलं. ऋचा उलथन्यावर भाकरी घेऊन उभी होती. "माझ्या हातचं जात नाही ना तुम्हाला?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी हळू. "सांगितलंत तरी चालेल. मी वाईट नाही वाटून घेणार." आणि उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

श्रीयश घास हातात धरून बसला. दिगंबररावांच्या कपाळावर घाम आला. मोजणीला गेल्यावर दोन्हीकडची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती, तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती.

"ऋचा," त्यांनी हाक मारली.

ती दारात आली.

"भाकरी वाढ. मला भूक आहे."

ती उलथन्यावरची भाकरी तशीच घेऊन उभी राहिली. तेव्हा मग त्यांना बाकीचंही सांगावंच लागलं. "मी पहिल्यांदा म्हणतो ते नको खरं नसतं. रीत म्हणून म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की घेतो."

"आणि मी दुसऱ्यांदा..." ऋचाला पुढे बोलवेना. "बाबा, म्हणजे तुम्ही वर्षभर उपाशी उठत होतात?"

"थोडासा," दिगंबरराव म्हणाले.

ऋचा मटकन खुर्चीत बसली. ती हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं. श्रीयशने घास ताटात ठेवला. "आणि मी आईशी भांडायचो," तो म्हणाला, "तुम्हाला नको असतं म्हणून." मग त्याने गुरुवारचं काय करायचं, असं विचारलं. आधी पोटभर जेवून बघू, मग डॉक्टरांना सांगू, असं दिगंबरराव म्हणाले.

ऋचाने डोळे पुसले आणि उलथन्यावरची भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. "आता मी तुमचं ऐकणारच नाही," ती म्हणाली. "आईंसारखं न विचारता वाढत जाईन. तुम्ही कितीही नको म्हणा."

"नको," दिगंबरराव म्हणाले.

तिने संशयाने बघितलं.

"हे खरं नको," ते म्हणाले. "तो आग्रह तिचा होता. तो तिच्याबरोबर गेला." एवढं म्हणून त्यांनी ताट जवळ ओढलं. "तू नको करूस. मी मागत जाईन."

ऋचाने मान हलवली. दिगंबररावांनी भाकरी मोडली. करपलेल्या बाजूसकट सगळी खाल्ली, आमटी खाल्ली, आणि रिकाम्या ताटाकडे क्षणभर बघून म्हणाले, "आहे का आणखी?"

भाकरी संपल्या होत्या. दोन मिनिटं थांबा, करते, म्हणून ऋचा आत पळाली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग परातीत पीठ मळल्याचा. दिगंबरराव उष्टा हात ताटाच्या कडेला टेकवून बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.

"तूप असलं तर तेही आण," त्यांनी आत हाक देऊन सांगितलं.