पंज्यात सापडलेला ओळंबा

पुढे जे सांगितलंय त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसूही नये. ज्याचा पहिल्या फटक्यात बसेल, त्याच्या गळ्यात लोक रोज काय काय मारत असतील याचीच काळजी वाटते. तरी गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे, आणि जिथे खरी नाही तिथे ती खऱ्याहून बरी आहे.

एक गवंडी होता. साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ उभी आहे की पोट काढतेय ते दाखवणारं. आपल्या भिंती इतक्या सरळ असतात म्हणून हे नाव पडलं, असं त्याचं म्हणणं. खरं कारण वेगळं. हा माणूस कधी वाकायचाच नाही. पडलेली थापी उचलायची तर गुडघे मोडून सरळच्या सरळ खाली जायचा आणि सरळच्या सरळ वर यायचा, लिफ्टसारखा. बघणाऱ्यांना वाटायचं, काय ऐट आहे. ऐट कसली, कंबर गेली होती.

गेली ती पोकळ ब्लॉक उचलून. त्या 'पोकळ' शब्दावर जाऊ नका. पोकळ माणसं हलकी असतात, पोकळ ब्लॉक हलका नसतो. सिमेंटचा ठोकळा, मधोमध दोन भोकं, लांबून बघावं तर वाटतं फुंकर मारली की उडेल. उचलायला गेलात की पोटातली आतडी एकमेकांना हाका मारू लागतात. असे ब्लॉक ओळंब्याने उभ्या जन्मात इतके उचलले होते की एकावर एक रचले असते तर वरच्याला अडकून ढग फाटले असते.

त्याला दुखण्याचं भय नव्हतं. भय होतं गेटचं. साइटच्या मुकादमाचा एकच कायदा होता, "जो कण्हला तो गेटवर." ओळंब्याला ज्याने हातात थापी धरायला शिकवलं, तो उस्ताद आता तिथेच बसायचा. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. येणारे-जाणारे त्याला हात करायचे, पण भिंतीबद्दल त्याला कोणी काही विचारायचं नाही. आणि ज्याला भिंतीबद्दल कोणी विचारत नाही, त्या गवंड्याला माणसात धरायचं की फाटकात, हे ओळंब्याला ठरवता येत नव्हतं. उस्तादासमोरून जाताना तो मान खाली घालून जायचा. तेवढी मान अजून वाकत होती.

रोज सकाळी बायको त्याला पट्टा बांधायची. रुंद, चामड्याचा, कमरेला आवळून, वरून शर्ट सोडलेला. एक गुडघा त्याच्या पाठीला लावून ती दोन्ही हातांनी ओढायची.

"श्वास आत घ्या."

"घेतला."

"सोडू नका."

"दिवसभर?"

"त्या मुकादमाला सांगून मोकळे व्हा. कंबर तुमची गेलीय आणि दम माझा जातोय."

"सांगतो. ही भिंत होऊ दे."

"मागच्या भिंतीलाही हेच म्हणाला होतात. त्या भिंतीवर आता शेवाळ धरलं."

तिचा भाऊ वेल्डर. तोंडाचा फटकळ, पण हात सोन्याचा. बहिणीचं गाऱ्हाणं ऐकून ऐकून त्याचे कान किटले, तेव्हा त्याने ब्लॉक उचलायचं एक यंत्र करायला घेतलं. पहिलं केलं ते चिमट्यासारखं होतं. त्याने ब्लॉक असा चावला की बिस्किटासारखे दोन तुकडे. दुसऱ्याने ब्लॉकला नुसतं कुरवाळलं. तिसरं मात्र जमलं. दोन लोखंडी पाय, वर कात्रीसारखे जोडलेले, टोकांना जुन्या टायरचं रबर. पाय ब्लॉकच्या भोकांत सोडायचे, वरून साखळी ओढली की ते आतल्या आत फाकतात आणि ब्लॉकला आतून धरतात. त्याचं नाव पडलं पंजा.

"दाजी, गंमत बघा याची," मेहुणा म्हणाला. "आपण दाबायचं नाही, आवळायचं नाही. माल जेवढा जड तेवढी पकड घट्ट. आणि माल टेकला की आपोआप सोडतो. एवढी अक्कल असलेला एक माणूस दाखवा मला."

"आणि मुकादमाला काय सांगायचं?"

"काम झपाट्याने होईल, एवढंच. कमरेचं नाव काढायचं नाही. तुम्ही फक्त सरळ उभे राहा. त्याची तुम्हाला सवय आहे."

तर पंजा साइटवर आला. भिंतीच्या डोक्यावरून एक आडवा गर्डर टाकला, त्यावर मागेपुढे सरकणारी मोटर बसवली, मोटरच्या साखळीला पंजा. मोटरमधून एक जाड वायर खाली लोंबत होती, तिच्या टोकाला बटणांची डबी. एक बटण वर न्यायचं, एक खाली आणायचं. गर्डरच्या एका टोकाखाली ब्लॉकची थप्पी होती, कोपरे वर करून उभी, आणि दुसऱ्या टोकाखाली वाळूचा ढीग.

मुकादमाने यंत्राला एक प्रदक्षिणा घातली आणि डबी हातात घेतली.

"साहेब, ते मी दाबतो," मेहुणा म्हणाला.

"माझ्या साइटवर बटण मी दाबणार."

पहिला ब्लॉक झोकात गेला. पंजा भोकांत उतरला, ब्लॉक नवरीसारखा अलगद उचलला गेला आणि ओळंब्याने पसरलेल्या सिमेंटच्या मालावर जाऊन बसला. मुकादम म्हणाला, "बरं आहे." त्या माणसाने याआधी इतकं कौतुक स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं. दुसरा ब्लॉक आणायला रिकामा पंजा झोके घेत थप्पीकडे परत आला. ओळंबा तिथेच घमेल्यातला माल ढवळत होता, पाठ पंज्याकडे. ढवळताना शर्ट वर सरकला. पट्टा आणि पाठ यांच्यामध्ये बोटभर फट होती. आता ब्लॉकची पोकळी वेगळी आणि माणसाच्या कमरेची पोकळी वेगळी, हे पंज्याला कोणी शिकवलं नव्हतं. पोकळी दिसली, तो आत शिरला. मुकादमाने वरचं बटण दाबलं.

पाय फाकले, पट्टा ताणला गेला, आणि ओळंबा जमिनीवरून उठला.

दुसरा कोणी असता तर मध्ये घडी पडून ओल्या टॉवेलसारखा लोंबला असता. पण ही कंबर घडी पडणारी नव्हती. तो आडवा झाला तो फळीसारखा. डोकं एका रेषेत, टाचा त्याच रेषेत. ओळंबा म्हणून वर गेला आणि पाणसळ म्हणून, म्हणजे आडवी पातळी दाखवणारी ती पट्टी म्हणून, तरंगू लागला. कमरेत तर कोणीतरी पहार घालून फिरवतंय असं वाटत होतं. तोंडातून 'आई गं' दातांपर्यंत आलं. दातांनी ते परत आत ढकललं. कण्हला की गेट.

मुकादमाने वर पाहिलं.

"काय रे, वर काय करतोयस?"

ओळंब्याने दोन्ही हात मागे नेऊन शर्टाची टोकं पट्ट्यावर घट्ट धरली होती. "वरचा थर बघतोय, साहेब. खालून कळत नाही. बारीक फुगल्यासारखा वाटतो."

"हात मागे का बांधलेत?"

"कच्च्या भिंतीला हात लागायला नको."

मुकादम मेहुण्याकडे वळला. "हे असं वरून बघायचं या यंत्रात आहे, हे आधी का नाही सांगितलंस?"

मेहुण्याच्या कपाळावरून घाम हनुवटीवर आला होता. खाली थप्पीचे कोपरे त्याला दिसत होते. "साहेब, त्यांना खाली आणताना जरा जपून. म्हणजे... पंज्याचा नियमच आहे. माल पूर्ण टेकला की सोडतो. अर्धवट टेकला तरी त्याला वाटतं टेकला. तेव्हाही सोडतो." मग वर बघून, आवाज चढवून, "हात किंवा पाय टेकवायचे नाहीत, असं यंत्राचं आहे, दाजी. यंत्राचं सांगतोय."

ओळंब्याला समजलं. पडताना हात पुढे करायचा, हे माणूस आईच्या पोटातून शिकून येतो. नेमकं तेच करायचं नव्हतं. जरा जरी टेकलं, की पंजा पट्ट्यातून निसटणार आणि तो कोपऱ्यांवर आदळणार. मग गेटवर बसायलाही कंबर उरायची नाही.

एवढ्यात मुकादमाचा फोन वाजला.

फोन त्याच्या बायकोचा होता, हे सगळ्या साइटला कळलं, कारण तिचा आवाज कुंपणाच्या पत्र्यापर्यंत जात होता. तिचा भाऊ काही दिवस राहायला येणार होता. मुकादमाने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात डबी तशीच. आणि त्या माणसाला सवय अशी, की बोलताना अंगठाही बोलायचा.

"नाही म्हणजे नाही," मुकादम म्हणाला आणि ओळंबा वर गेला.

"बरं, चार दिवस." ओळंबा खाली आला. थप्पीचे कोपरे नाकापाशी आले. त्याने हात मागे आवळले, पाय वर उचलले आणि पोहायला शिकणाऱ्या पोरासारखा हवेत पालथा पडून राहिला. देवा, भांडू दे यांना, तो मनात म्हणाला. कडाडून भांडू दे.

"काय? कुत्राही आणतोय?"

ओळंबा भर्रकन वर. गर्डरला डोकं लागता लागता थांबला.

मेहुण्याने मोटर बाजूला सरकवायची दुसरी साखळी पकडली होती आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने मोटर गर्डरवरून वाळूकडे ओढत होता. इंच इंच सरकत होती. चाकं कुरकुरली की तो खोकायचा. तिकडे मुकादम नरम पडू लागला होता. कुत्रा लहान आहे म्हणे. बाहेरच बांधणार म्हणे. अंगठा खालच्या बटणाकडे झुकत होता आणि ओळंबा अजून निम्मा थप्पीवर होता.

"साहेब," ओळंबा वरून म्हणाला. आवाज स्थिर ठेवायला त्याला जन्माची ताकद लागली. "कुत्रा म्हटला की केस गळतात. लहान असो की मोठा."

"बघ," मुकादम फोनमध्ये गरजला, "इथे गवंडीसुद्धा सांगतोय. केस गळतात. मुळीच नाही."

त्या 'मुळीच'ला असा झटका बसला की ओळंबा गर्डरपर्यंत गेला, थांबला, आणि थांबताना त्याच्या कमरेत कडकन आवाज झाला. मेहुण्याला वाटलं पट्टा तुटला. उस्ताद गेटवरून उठून उभा राहिला. ओळंब्याला वाटलं, संपलं. त्याने डोळे मिटून दुखण्याची वाट पाहिली. दुखणं आलंच नाही. पहार काढून कोणीतरी तिथे उशी ठेवली होती.

डोळे उघडले तर खाली वाळू होती.

आता देवा, यांचं जुळव, तो मनात म्हणाला. परक्याच्या मेहुण्यासाठी कोणी इतकी प्रार्थना केली नसेल.

"बरं बाई," मुकादम दमून म्हणाला. "येऊ दे. कुत्र्यालाही येऊ दे." आणि अंगठा खालच्या बटणावर दाबून धरला.

ओळंबा पोटावर उतरला, हात-पाय वर, अख्खाच्या अख्खा एकदम. वाळूने त्याला झेललं. पंज्याने सोडलं. पण पट्टा झटक्यांनी आधीच उसवला होता, तो पंज्याच्या एका पायात अडकून वर गेला आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झुलू लागला.

मुकादमाने फोन खिशात टाकला आणि वर बघितलं.

"हे काय?"

"यंत्राचा पार्ट आहे, साहेब," मेहुणा म्हणाला.

मुकादमाने पट्टा काढून हातात घेतला, आतल्या बाजूने बोट फिरवलं. "यंत्राच्या पार्टला घाम येतो?"

माल ढवळणारे हात थांबले. मुकादमाने पट्ट्याचं माप डोळ्यांनी घेतलं, मग एकेकाच्या कमरेकडे बघत बघत त्याची नजर वाळूच्या ढिगावर येऊन थांबली. ओळंबा उठून उभा राहिला होता. शर्ट सुटलेला, कंबर उघडी, तिच्यावर पट्ट्याचा लाल वळ. उस्ताद गेटवरून बघत होता. त्याच्या शेजारी अजून एका खुर्चीला जागा होती.

"तुझा?" मुकादम म्हणाला.

"होता," ओळंबा म्हणाला.

आणि तो थप्पीपाशी जाऊन वाकला. गुडघे न मोडता, सरळ कमरेतून, कोवळ्या फांदीसारखा. थप्पीतला एक ब्लॉक उचलला, खांद्यावर घेतला. त्याने परत वाकून दुसरा उचलला, तो बगलेत मारला, आणि तिसरा दुसऱ्या बगलेत. तसाच शिडी चढून वर गेला आणि शीळ घालत भिंत लावू लागला. मुकादमाने पट्टा ओळंब्याच्या मेहुण्याच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "यंत्र परत घेऊन जा. हा माणूस स्वस्त पडतो." मग आजूबाजूच्या गल्ल्यांतून वाकलेले म्हातारे येऊ लागले, आम्हालाही टांगा म्हणून. मेहुण्याने कितीतरी सरळ केले. एकाला तर जरा जास्तच ओढलं, त्याला घराचं दार उंच करून घ्यावं लागलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून आजपर्यंत त्या गवंड्याची कंबर पुन्हा कधी म्हणून—

"एवढी सरळ झाली होती," स्वयंपाकघराच्या दारातून सांगणाऱ्याची बायको म्हणाली, "तर आज सकाळी तुमच्या पायात मोजे कोणी घातले?"